मोठ्या हॉस्पिटल ग्रुपची नोकरी की स्वतःचं क्लिनिक?

ज्युनिअर डॉक्टर मंडळी हे विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा असतो, आणि माझ्या मते तो शेवटी यायला हवा.

नोकरीत पहिल्या महिन्यापासून पैसे येतात हे खरंच आहे. जागा, मशीन, स्टाफ, बिलिंग कशाचीच कटकट नाही, सुट्टीवर गेलात तरी पगार चालू. क्लिनिकवाल्याला सुट्टी म्हणजे दुहेरी फटका, कमाई बंद आणि भाडं, स्टाफचे पगार, कर्जाचा हप्ता चालूच, शिवाय इन्शुरन्सचं बिल पाठवलं की पैसे यायला कितीतरी आठवडे, त्यात एखादा कोड चुकला म्हणून क्लेम परत आला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पण नोकरीतली पगाराची गॅरंटी बऱ्याचदा एक-दोन वर्षांपुरतीच असते. अमेरिकेत त्यानंतर बऱ्याच ठिकाणी आरव्हीयू (कामाचं माप) मोजतात, म्हणजे प्रत्येक तपासणीला, प्रोसिजरला ठरावीक पॉइंट आणि त्यावर पैसे. घाबरलेल्या नातेवाइकाशी अर्धा तास बोललात तर त्याचे पॉइंट मिळतीलच असं नाही! ओपीडीत पेशंटला दहा मिनिटं द्यायची की वीस, तेही मॅनेजर ठरवणार. क्लिनिकमध्ये ते तुम्ही ठरवता, फक्त वेळ गेला की पैसे तुमच्याच खिशातून जातात.

अमेरिकेत २०१२ ला साधारण ६० टक्के डॉक्टर खाजगी प्रॅक्टिसमध्ये होते, २०२४ ला ४२ टक्के, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सर्व्हेतले आकडे. एकट्यादुकट्याला इन्शुरन्स कंपन्या चांगला रेट देत नाहीत हे या घसरणीचं एक मोठं कारण.

स्पेशालिटीनेही फरक पडतो. हार्ट सर्जनला तसंही हॉस्पिटलशिवाय चालत नाही, त्वचारोग किंवा मानसोपचारवाल्याला दोन खोल्यांत सुरुवात करता येते.

कॉन्ट्रॅक्ट मात्र शेवटून वाचा. नोकरी सोडल्यावर जवळपास प्रॅक्टिस करायला बंदी आहे का, किती काळ, किती अंतरात? पेशंटना तुम्ही कुठे गेलात ते कळवता येईल का? मालप्रॅक्टिस पॉलिसी (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा) क्लेम्स-मेड असेल, म्हणजे पॉलिसी चालू असताना आलेल्या दाव्यांपुरतीच असेल, तर नोकरी सोडल्यानंतर येणाऱ्या जुन्या केससाठी टेल कव्हर हा वेगळा विमा घ्यावा लागतो, त्याचे पैसे कोण भरणार? क्लिनिक बंद करणंही सोपं नसतं, कर्जाला स्वतःची हमी दिलेली असते.

आणि जमलं तर तुमच्या आधी त्या पोस्टवर जो होता त्याला एक फोन करा, तो का गेला ते एचआर सांगणार नाही.