बाराशे रुपयांचा वॅट मीटर घेतला आणि रॉड वाचला

डिसेंबरपासून आमच्याकडे एकच वाद चालू होता, आई म्हणायची रॉड गेलाय, पाणी तापतच नाही, नवीन आण. गल्लीतल्या वायरमनने पण लगेच मान डोलावली, कॉइल कमजोर झाली म्हणे. मला ते पटेना, कारण कॉइल तुटली असती तर पाणी अजिबातच तापलं नसतं आणि हे तर तापत होतं, फक्त रोज उशीर व्हायचा. शेवटी पुण्यात गेलो होतो तेव्हा तापकीर गल्लीतून हा प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर उचलला. नाव कुठलंच नाही, पांढरा डबा, मागे १६ अँपिअरची पिन, पुढे सॉकेट. भिंतीत हा लावायचा आणि ह्याच्यात आपली वस्तू लावायची, बास.

आता कोणी म्हणेल की घरात मल्टिमीटर आहे ना, मग हा कशाला. माझ्याकडे तो पिवळा स्वस्तातला आहे, पण त्यावर १० अँपिअर लिहिलंय ते फक्त डीसीसाठी, म्हणजे बॅटरीच्या करंटसाठी, घरातल्या लाइनचा एसी करंट तो मोजतच नाही (आणि त्याचं ओहमचं सेटिंग चालू लाइनवर लावलं तर मीटर गेलाच समजा). ह्या नवीन डब्यावर लोड चालू असताना व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर आणि युनिट सगळं दिसतं. ओहम दिसत नाहीत, पण ते काढायला कितीसा वेळ लागतो, व्होल्ट भागिले अँपिअर. मुलगी नववीत आहे, तिच्या पुस्तकात ह्याला रोध म्हणतात, म्हणजे तार करंटला किती अडवते ते, मग हिशोबाचं काम तिलाच दिलं.

सकाळी साडेसहाला रॉड लावला तर २०७ व्होल्ट, ५.९ अँपिअर. भागाकार केला की ३५ ओहम. गुणाकार केला की १२२१ वॅट, मीटर १२१९ दाखवत होता. रॉडवर छापलंय १५०० वॅट, २३० व्होल्ट. म्हणजे त्याचा मूळचा रोध २३० चा वर्ग भागिले १५००, ३५.३ ओहम. तेवढाच आहे की! दुपारी परत लावला तेव्हा २२८ व्होल्ट, ६.५ अँपिअर, भागाकार पुन्हा ३५ आणि वॅट १४८० च्या आसपास. रॉड ठणठणीत, सकाळचं व्होल्टेजच पडलेलं. व्होल्टेज १० टक्के पडलं की पॉवर १० नाही, १९ टक्के पडते कारण वर्गात जाते, हे आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली मग व्होल्टेज नवीन आण. १५ लिटरची बादली २० अंशावरून ४५ वर न्यायला १५०० वॅटला साडेसतरा मिनिटं, १२२० ला साडेएकवीस, आणि हवेत जाते ती उष्णता वेगळीच. युनिट दोन्हीकडे तेवढंच जळतं, साधारण अर्धं.

खरी गंमत पुढे आहे. रॉड रोज एक्स्टेन्शन बोर्डवरून चालायचा. मीटर बोर्डच्या टोकाला लावून बघितला तर २०७ चे २०० झालेले, अँपिअर ५.७. मधले सात व्होल्ट गेले कुठे? सात गुणिले ५.७, चाळीस वॅट, म्हणजे साध्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता त्या बारीक वायरीत आणि ढिल्या जोडांमध्ये रोज पडत होती. पिन हाताला गरम लागायची ते आम्ही दोन वर्षं असंच असतं म्हणून सोडून दिलेलं. बोर्ड त्याच दिवशी भंगारात टाकला आणि बाथरूमबाहेर १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. मीटरचे पैसे माझ्या मते इथेच वसूल झाले.

फ्रीजला लावला तर २२८ व्होल्ट, ०.९ अँपिअर. मुलीने गुणाकार करून २०५ सांगितले आणि मीटर म्हणतो १२५, ती म्हणाली बाबा मीटर खराब आहे. खराब नाहीये, मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे राहतो म्हणून पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं, तो ०.६१ दाखवत होता. त्यामुळे व्होल्ट भागिले अँपिअर करून फ्रीजचा रोध काढायला जाऊ नका, रॉड, इस्त्री, गीझर असल्या गोष्टींनाच तो हिशोब सरळ लागू पडतो. देवघरातल्या जुन्या १०० वॅटच्या बल्बने तिला अजून बुचकळ्यात टाकलं, चालू असताना ५३० ओहम, बंद करून पिवळ्या मीटरने थंड मोजला तर फक्त ३८. तार तापली की रोध एवढा वाढतो, रॉडमधल्या नायक्रोमच्या तारेला मात्र तसा फारसा फरक पडत नाही.

कटकटी पण आहेत. डिस्प्लेला लाइट नाही आणि आपले सॉकेट असतात खाली, त्यामुळे गुडघ्यावर बसून मोबाइलच्या टॉर्चने वाचावं लागतं. पिन मोठी आहे, छोट्या सॉकेटला जात नाही, आणि अडॅप्टर लावून रॉड चालवाल तर परत तोच ढिला जोड. मोबाइल चार्जरला शून्यच दाखवतो, ९ वॅटच्या एलईडीला कधी ७ कधी ८, बारीक लोडसाठी भरवसा नाही. आतली बटण बॅटरी दीड महिन्यात मेली आणि साठवलेले सगळे युनिट पुसले गेले, स्क्रू उघडून बदलावी लागली. १६ अँपिअर लिहिलंय खरं, पण दोन किलोवॅटच्या गीझरला, म्हणजे पावणेनऊ अँपिअरला, अर्ध्या तासातच डबा कोमट झाला, त्याच्यावर मी काही चढवणार नाही.

तरी पाचातले चार देईन, एक बॅटरीसाठी कापला. सध्या तो शेजारच्या काकूंकडे आहे, चोवीस तास फ्रीजला लावून आकडा सांगते म्हणाल्या होत्या, आज चौथा दिवस.