देवळाच्या पत्र्याला पांढरा रंग द्या, चंदेरी नको

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या सभामंडपात दुपारचं भजन बसवत नाही. दुकानात यावर दोन डबे पुढे येतात: चंदेरी अ‍ॅल्युमिनियम पेंट आणि पांढरा अ‍ॅक्रिलिक उष्णतारोधक रंग. पांढराच घ्या. त्याचं कारण सहारातल्या एका मुंगीच्या अंगावर सापडतं.

सरडे बिळात शिरतात त्या भर दुपारी ही चंदेरी मुंगी, उन्हानं मेलेले किडे उचलायला, मोजकी मिनिटं बाहेर पडते. 53.6 अंश ही तिच्या शरीराची हद्द. तिच्या पाठीवरचे केस त्रिकोणी छेदाचे असतात. ते दोन कामं करतात, हे 2015 मध्ये संशोधकांनी दाखवलं: ऊन परतवतात आणि अंगातली उष्णता अवरक्त किरणांतून आकाशाकडे सोडतात. त्यामुळे अंग 5 ते 10 अंशांनी थंड राहतं. पोटाखाली मात्र केस नाहीत. तिथली उघडी कातडी तापल्या वाळूची धग परतवते. एवढ्याशा जिवाच्या पाठीचा आणि पोटाचा हिशेब देवानं वेगवेगळा मांडलाय. तो वाचून त्याच्याच मंडपावर उतरवणं ही आमच्या लेखी सेवाच आहे.

मुंगी दिसते चंदेरी, पण वागते पांढऱ्या रंगासारखी. अ‍ॅल्युमिनियम पेंट ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सहज सोडत नाही. पत्रा तापतच जातो. पांढरा दोन्ही करतो. बादलीवर एसआरआय (ऊन परतवणं आणि उष्णता सोडणं या दोन्ही गुणांचा एकत्रित आकडा) 100 च्या आसपास लिहिलेला बघा. आणि मुंगीच्या पोटासारखी पत्र्याची खालची बाजू कोरीच ठेवा. खालून पांढरा रंग दिला की पत्रा भक्तांच्या डोक्यावर जास्त धग फेकतो.

आधी स्क्रूचे कुजलेले रबर वॉशर बदला. गंज तारेच्या ब्रशनं खरवडून तिथे प्रायमर द्या, छत धुऊन पूर्ण वाळू द्या. दोन हात मिळून लिटरमागे साधारण 30 ते 40 चौरस फूट धरा, म्हणजे 1000 फुटांच्या मंडपाला 20 लिटरच्या दोन बादल्या. नालीदार पत्र्याचं क्षेत्रफळ जास्त भरतं, तेही मोजा. दुसरा हात पहिला सुकल्यावर, आडवा. तापल्या पत्र्यावर रंग लावाल तर थर जुळण्याआधीच पाणी उडतं, बारीक छिद्रं पडतात आणि पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. म्हणून सकाळी नऊच्या आत काम उरका.

रंगानं किती फरक पडला ते बघायचं असेल तर लेझर थर्मामीटरनं कोरा पत्रा मोजू नका, चमकत्या धातूवर तो आकडा कमी दाखवतो. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.

उणीव एकच, पण मोठी: काळ्या मातीचा फुफाटा आणि कबुतरांची घाण बसली की रंगाची ताकद उतरते. सप्तशृंग गडाकडे निघालेले पदयात्री चैत्रात दुपारी देवळातच टेकतात. त्यामुळे रंगकाम महाशिवरात्रीपर्यंत संपवा, आणि पुढच्या वर्षांत त्याच सुमारास मऊ ब्रशनं छत धुऊन काढा.