काचेच्या पाठीचं घड्याळ

हळकुंड वरून कितीही पिवळंधमक दिसलं तरी त्यावर भाव बोलायचा नसतो. मोडायचं, मोडतानाचा आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा. सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात बसून २५ वर्षं मी हेच करतोय. आणि त्याच माणसानं एका घड्याळाचे १,६५,००० रुपये निव्वळ पॉलिश बघून मोजले. बायको म्हणते, हे गावभर सांगत सुटू नका. पण गेल्या महिन्यात ओळखीतले एक जण तसल्याच घड्याळाची चौकशी करताना दिसले, म्हणून सांगतोच.

मुलीचं लग्न मार्गशीर्षात होतं. जावयाला अंगठी देतात, साखळी देतात. आमचे जावईबापू पुण्यात नोकरीला, दागिना अंगाला लावत नाहीत. म्हणून घड्याळ द्यायचं ठरलं. सेलचं नको, ऑटोमॅटिक. सुटावर शोभेल असं साधं, पातळ, चामडी पट्ट्याचं. ओमेगा या स्विस कंपनीचं डी व्हिल हे मॉडेल मनात भरलं होतं, पण शोरूमचा भाव झेपणारा नव्हता. तेवढ्यात सकाळी बरोबर फिरायला येणाऱ्या एकानं बातमी आणली: माहितीतला माणूस दुबईहून आलाय, एकदाच हातात घातलेलं डी व्हिल आहे, पेटी-कार्डासकट, पैशाची नड आहे म्हणून काढतोय.

मी आंधळेपणानं गेलो असतो तर एवढं लागलं नसतं. महिनाभर रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून अभ्यास करून गेलो होतो! विश्रामबागेतल्या एका लॉजच्या खोलीत तो माणूस बसला होता, अत्तर लावून, गोड बोलणारा. मी माझ्या परीक्षा सुरू केल्या. सेकंद काटा टकटक न करता सरकत जातो का? जात होता. काचेवर पाण्याचा थेंब टाकला, तर न पसरता गोळा राहिला, म्हणजे काच सफायरची, सहज ओरखडा न पडणारी. पाठही काचेची. आत सोनेरी रोटर, म्हणजे हात हलला की फिरून स्प्रिंग भरणारं वजन, त्यावर लाटांची नक्षी आणि कंपनीचं नाव. हलवलं की रोटर भुर्रर्र फिरायचा. त्या आवाजावर तर मी फिदाच झालो, म्हटलं काय मशीन आहे! कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळला. (जुळणारच. दोन्ही एकाच कारखान्यातले.)

घड्याळजीकडून उघडून बघू का, असं मी एकदा विचारलंही. तो म्हणाला, "शेठ, कंपनीचं सील एकदा तुटलं की पाणी शिरतं. पाठ काचेची आहे, सगळं दिसतंय की." मला पटलं. रक्कम दोन लाखांच्या आत ठेवली होती. रोखीत उरकू, पॅनचं लचांड नको, हेही पटलं. काटापट्टीशिवाय पोतं जागचं हलू न देणारा मी, साध्या कागदावर सहीसुद्धा मागितली नाही.

लग्नात घड्याळ मिरवलं. नंतर जावईबापू एकदा म्हणाले, शर्टाची बाही त्यावरून सरकत नाही, अडकते. मी म्हटलं, शिंप्याला सांगा. पुन्हा म्हणाले, शनिवार-रविवार काढून ठेवलं की सोमवारी बंद असतं. त्यावर मी त्यांनाच शहाणपण शिकवलं: ऑटोमॅटिक हाताच्या हालचालीनं भरतं, पडून राहिलं की आतली स्प्रिंग सुटत जाते आणि ते थांबतं. ते खरंही आहे. अस्सल घड्याळही दीड-दोन दिवसांत असंच थांबतं.

मग आला धोंड्याचा महिना. लेक-जावई जेवायला आले, ३३ अनारशांचं ताट झालं. हात धुवायला जाताना जावईबापूंनी घड्याळ काढून ठेवलं. बघतो तर चार मिनिटं पुढं. म्हटलं, मोबाइलशी सेकंदाला सेकंद जुळवून देऊ. चावी पूर्ण बाहेर ओढली. अभ्यासानुसार सेकंद काटा जागेवर थांबायला हवा होता. तो आपला चालूच. काहीतरी बिघडलंय, दुरुस्त करून पाठवतो असं सांगून घड्याळ ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. लक्ष्मी मार्केटच्या मागं एक म्हातारे घड्याळवाले चाचा बसतात.

चाचांनी आधी त्यातलं चुंबकत्व काढलं. स्पीकरबिकरजवळ राहून घड्याळाला चुंबक लागतं आणि अस्सलसुद्धा पुढं पळतं, म्हणून नुसतं पुढं जाण्यावरून ते कुणाला नावं ठेवत नाहीत. मग ठोके ऐकणाऱ्या यंत्रावर ठेवलं. आकडा आला २१,६००. "शेठ, तासाला एकवीस हजार सहाशे, म्हणजे सेकंदाला सहा ठोके. तुमच्या डायलवर लिहिलंय को-ॲक्सियल. त्या २५०० नंबरच्या मशीनला, अगदी सुरुवातीचा माल सोडला तर, २५,२०० पाहिजेत. सेकंदाला सात."

एका ठोक्याचा फरक. मी तरी हटून बसलो, यंत्र चुकत असेल म्हणालो. चाचांनी पाठ उघडली, रोटर काढून बाजूला ठेवला आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. को-ॲक्सियल ही इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्स या घड्याळकाराची कल्पना. स्प्रिंगचा जोर चाकाला थोडा थोडा सोडणारा जो भाग असतो, त्यातली घासाघीस त्यांनी कमी केली, आणि ओमेगानं १९९९ मध्ये ती डी व्हिलमध्येच पहिल्यांदा विकायला आणली. माझ्यापुढं होती ती नेहमीची, साध्या घड्याळातली रचना. बॅलन्सच्या, म्हणजे मागंपुढं झुलणाऱ्या चाकाच्या वर, वेग कमी-जास्त करायचा अधिक-उणेची खूण असलेला बारीक दांडा होता. खऱ्या २५०० मध्ये तो दांडाच नसतो, वेग चाकावरच्या स्क्रूंनी लावतात. रोटर एकाच बाजूला फिरताना स्प्रिंग भरत होता, दुसऱ्या बाजूला नुसताच मोकळा सुटत होता. मी ज्यावर भुललो ती भुर्रर्र त्या मोकळ्या फिरण्याची. अस्सल रोटर दोन्ही बाजूंनी भरतो.

चाचांच्या मते ही जपानी मियोता कंपनीच्या ८२१५ नंबरच्या मशीनची नक्कल. मूळ मियोता वाईट नाही हं, स्वतःच्या नावानं विकलेली वर्षानुवर्षं चालते. पण ती ५.६७ मिलिमीटर जाड. ओमेगाचं २५०० ज्या ईटीए या स्विस कंपनीच्या २८९२ नंबरच्या मशीनवरून निघालं, ते ३.६. बाही कशाला अडकत होती ते तिथं कळलं. शिंप्याचा काही दोष नव्हता.

"शेठ, रोटर म्हणजे दाराचं तोरण," चाचा म्हणाले. "त्यावरून घर कुणाचं ते कळत नाही."

माझ्या सगळ्या परीक्षा तोरणाच्याच होत्या. काटा तर कुठल्याही ऑटोमॅटिकचा सरकतो, दोन हजारांच्यासुद्धा. सफायरची काच आता नकली घड्याळालाही बसवतात. ज्या व्हिडिओंतून मी शिकलो, तेच नकली माल करणाऱ्यांनीही बघितले असणार. चावी ओढल्यावर काटा थांबतो का, हे लॉजवर दहा सेकंदांत कळलं असतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये सेकंद काटा टिपून एका सेकंदात तो किती टप्पे घेतो ते मोजलं असतं, तर सहा आणि सातचा घोळ तिथंच उघडा पडला असता. अर्थात महागडी नक्कल हेही पार करते. म्हणून पैसे देण्याआधी घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नाहीतर आपण निवडलेल्या घड्याळजीकडं उघडायचं. विकणारा नको म्हणाला की चहा पिऊन उठायचं.

मिरजेहून परत येताना जावईबापूंना फोन केला. शब्द फुटेना. ते म्हणाले, "बाबा, मला संक्रांतीच्या सुमारासच कळलं होतं. पुण्यात दाखवलं होतं. तुम्ही समोर असलात की घालत होतो." गाडी मी कडेला किती वेळ लावून ठेवली होती, आठवत नाही.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे. ज्यानं गाठ घालून दिली तो शपथा घेतो, मलाही काही माहीत नव्हतं. टोकन म्हणून पाठवलेले ५,००० रुपये तेवढे यूपीआयवर दिसतात, तेही भलत्याच नावाच्या खात्यात गेलेले. तेवढ्या पुराव्यावर पोलिसांत अर्ज दिलाय. एका हितचिंतकानं सुचवलं, तुम्हीही पुढं कुणालातरी खपवा. त्याच्याशी बोलणं कमी केलंय.

घड्याळ आता दुकानातल्या गल्ल्यात, हळदीच्या नमुन्याच्या पुड्यांशेजारी पडून असतं. कुणी हातात घेऊन वा म्हणालं की मी चावी ओढून त्यांच्यापुढं धरतो. काटा काही थांबत नाही.