गॅलरीत एकच कुंडी मावणार असेल तर: कढीपत्ता की लिंबू?

दोन्ही झाडं एकाच कुळातली. दोन्हींवर लाइम बटरफ्लाय हे फुलपाखरू येतं, कॉमन मॉर्मन येतं, अंडी घालून जातं. त्यामुळे "फुलपाखरांच्या अळ्यांसाठी कुठलं लावू?" असं कुणी विचारलं की मी पूर्वी "जे हाताशी असेल ते" असं सांगायचो. ठाण्यात येऊरच्या डोंगरालगत आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर आहे. तिथल्या गॅलरीत आधी बरीच वर्षं मी अळ्या कढीपत्त्यावर वाढवल्या आणि गेली चार वर्षं लिंबावर वाढवतो आहे. आता माझं उत्तर बदललं आहे.

आधी कढीपत्त्याची बाजू, कारण ती खरोखरच भक्कम आहे. पाला भरपूर, आणि शेंडा गेला की खालून दोन-तीन फुटवे येतात. एका पावसाळ्यात शेवटच्या अवस्थेतल्या तीन अळ्यांनी माझं कमरेएवढं झाड आठवड्याभरात खराट्यासारखं करून टाकलं होतं. महिन्याभरात ते पुन्हा हिरवंगार झालं. लिंबाला असा झपाटा नाही. शिवाय काटे नसल्यामुळे पानं उलटून बघताना हात निर्धास्त फिरतो. लहानपणी या अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात आणि चौथी कात टाकली की एकदम हिरव्या होतात. अशा अळ्या शोधायच्या तर रोज दोनदा झाडात डोकं घालावं लागतं, त्यामुळे ही सोय लहान नाही. एकच उणं म्हणजे थंडीत ते रुसतं. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळतात आणि नेमकं तेव्हा अंडं सापडलं तर अळीला घालायला कोवळं पान नसतं.

तरीही मी तो सोडला, आणि त्याचं कारण स्वयंपाकघरात आहे.

कढीपत्ता घरचा असला की तो फोडणीचा असतो. माझ्या आईने तो लावला, पाणी घालून वाढवला, आणि पोह्यांना दोन डहाळ्या खुडणं हा तिचा रोजचा हक्क होता. कॉमन मॉर्मनचं अंडं मोहरीएवढं, फिकट पिवळसर, कोवळ्या पानावर एकेकटं घातलेलं. चष्मा लावूनही पटकन दिसत नाही. एकदा मी एका अंड्यावर तीन दिवस लक्ष ठेवून होतो. ते गडद होत आलं होतं, म्हणजे अळी बाहेर यायची वेळ झाली होती. चौथ्या दिवशी सकाळी ती डहाळीच नव्हती. "कढीलिंब आमटीत घातला रे, का?" असं आईने विचारलं तेव्हा मला काही बोलताच आलं नाही.

मग मी अंडी असलेल्या डहाळ्यांना लाल दोरा बांधू लागलो. श्रावणात झाडभर दोरे झाले आणि आईला पान तोडायला जागा उरली नाही. मी म्हटलं, भाजीवालीकडून घे. त्यावर ती म्हणाली, "बाजारचा औषध मारलेला असतो, म्हणून तर घरी लावलाय." तिचं म्हणणं खरं होतं आणि ते मला आधीच कळलेलं होतं. एका पावसाळ्यात पाला संपला म्हणून मी बाजारची जुडी तीन पाण्यांत धुऊन अळ्यांना घातली होती. संध्याकाळपर्यंत पाचही अळ्या हिरवं पाणी ओकून मेल्या. जे पान अळीच्या जिवावर उठतं, ते आईने जेवणात घालावं असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? एकाच झाडावर दोघांचा हक्क होता आणि दोघांचा खरा होता.

लिंबाच्या पानावर आमच्या घरात कुणाचाच हक्क नाही. एवढ्या एका गोष्टीने माझा कौल लिंबाकडे झुकला.

लिंबाचा त्रासही सांगायला हवा. काटे हाताला लागतातच. कोवळ्या पानांवर नागअळी (पान आतून पोखरणारी कीड) पडते आणि पांढऱ्या नागमोडी रेघा उमटून पान आक्रसतं. अशा वेळी हात फवारणीकडे जातो, पण कडुनिंबाचं तेलसुद्धा मारू नका, कारण नागअळीला जे लागू पडतं ते आपल्या अळीलाही लागू पडू शकतं. वाळलेली, वेडीवाकडी पानं मी तशीच राहू देतो. पाला परत यायलाही वेळ लागतो, म्हणून एका झाडावर एका वेळी दोनच मोठ्या अळ्या ठेवाव्यात, असा माझा अनुभव आहे.

पण इथे लिंबाची एक सोय कामी येते. आपल्याला फळ नको, पान हवं. त्यामुळे कलम विकत आणायची गरज नाही. सरबताच्या कागदी लिंबाच्या बिया सुकू न देता मातीत टोचल्या की बहुतेक उगवतात, आणि एकाच बीतून दोन-दोन रोपं निघालेलीही मी पाहिली आहेत. बियांपासून आलेल्या झाडाला फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात, ही लोकांची तक्रार असते. अळ्यांना त्याने काही फरक पडत नाही. 'एकच कुंडी' म्हणालात तरी त्या जागेत तीन लहान डबे मावतात आणि अळ्यांना एकावरून दुसऱ्यावर नेता येतं. नर्सरीतलं रोप आणलंत, मग ते दोन्हींपैकी कुठलंही असो, तर काही महिने त्यावर अळी ठेवू नका. मुळांवाटे घेतलेलं औषध पानात बरेच दिवस राहतं आणि पान धुऊन ते जात नाही.

अजून एक मोह आहे. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ साली जाहीर झालेलं, जंगलात माकडलिंबावर आणि बागेत लिंबूवर्गातल्या झाडांवर अंडी घालतं. माझ्याकडे ते चार वर्षांत एकदाच आलं. काळ्या-निळ्या पंखांची ती मादी शेंड्यावर क्षणभर टेकली आणि तिने एक अंडं ठेवलं. त्याची अळी जाडजूड झाली. बोट लावलं की डोक्यामागून दोन टोकांचं लाल शिंगासारखं दुबेळकं बाहेर काढायची आणि उग्र वास सोडायची. ती कोषात गेली आणि पुढे फुलपाखरू होऊन उडालीही. कढीपत्त्यावर मला ते कधी दिसलं नाही. दुसऱ्या कुणाला दिसलं असेलही.

तुमच्याकडे कढीपत्ता आधीच असेल तर तो काढू नका. वरची एखादी फांदी मच्छरदाणीच्या कापडाने बांधून अळ्यांना द्या, बाकीचं झाड स्वयंपाकाला ठेवा. घरात फोडणीला तो फारसा लागत नसेल तर कढीपत्ताच सोपा पडेल. नव्याने लावणार असाल तर मात्र जूनमध्ये लिंबाच्या चार बिया टोचा. माझी रोपं दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याएवढी झाली होती आणि पहिलं अंडं त्याच श्रावणात आलं. कढीपत्त्याची कुंडी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तिथेही एखादी कॉमन मॉर्मन येऊन जाते. तेव्हा आईच मला हाक मारते, आणि मी ते पान उचलून लिंबावर नेऊन ठेवतो.