ॲल्युमिनियम की कार्बन फायबर: विमान कशाचं बरं?

ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर शिडी आपटली तर पोचा पडतो. कुठे लागलं ते लगेच दिसतं. कार्बन फायबरचं तसं नाही. वरचा रंगही उडालेला नसतो, पण आतले थर सुटलेले असू शकतात. मग तंत्रज्ञ नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला की अल्ट्रासाउंड तपासणी.

दुरुस्तीतही तेच. धातूचा खराब भाग कापा, ठिगळ लावा, रिव्हेट मारा. कंपोझिटला (म्हणजे राळेत बसवलेल्या कार्बन फायबरच्या थरांना) जागा उतरती घासायची, नवे थर मूळ दिशेनेच बसवायचे आणि व्हॅक्यूम बॅगखाली ठरलेली उष्णता द्यायची. फ्रीझरमधला प्रीप्रेग, म्हणजे आधीच राळ भरलेला थर, जास्त वेळ बाहेर राहिला तर वायाच!

मग बोइंग ७८७ च्या वजनात सुमारे ५० टक्के कंपोझिट का? हलकं असतं, गंजत नाही, आणि वारंवारच्या ताणाने धातूसारखं थकत नाही. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत उडालं, ते थकव्याच्या भेगा एकमेकींना मिळाल्यामुळे. आकाशातली वीज पडली तर ती वाहून जावी म्हणून मात्र कंपोझिटमध्ये तांब्याची बारीक जाळी घालावी लागते. ॲल्युमिनियम ते काम फुकटात करतं. एखाद्या आडगावातल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानाला मी तरी अजून पत्राच निवडेन.