जुन्या स्प्लेंडरला मोठा हॉर्न : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी हिरो होंडा स्प्लेंडर २००६ सालची आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पर्यावरण कर भरून तिचे री-पासिंग करून घेतले आणि इंजिनाबद्दल आजही तक्रार नाही. मात्र पुण्यात नऱ्ह्याहून बावधनला जाताना नवले पुलापासून चांदणी चौकापर्यंत बायपासने जावे लागते, आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतारावर येणाऱ्या मालट्रकांच्या शेजारी या गाडीचा मूळ हॉर्न वाजवणे म्हणजे नुसते बटण दाबणे होते. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुमारास मोठा हॉर्न बसवला. हिवाळा, उन्हाळा आणि बराचसा पावसाळा त्याने पाहिला आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

नवा हॉर्न विकत घेण्यापूर्वी जुना हॉर्न खरोखर दुबळा आहे का, हे पाहणे आवश्यक आहे, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. मी मल्टिमीटर (विजेचा दाब मोजायचे उपकरण) लावून पाहिले तेव्हा बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या वर दाब होता, पण बटण दाबून धरल्यावर हॉर्नच्या टोकांशी जेमतेम नऊ व्होल्ट पोहोचत होते. उरलेला दाब वाटेतच खर्ची पडत होता : हँडलवरील बटणाचे काळवंडलेले संपर्क, हेडलाइटच्या कवचातील सैल जोडण्या आणि गंजलेले अर्थिंग यांनी तो खाल्ला होता. तोच हॉर्न सोडवून दोन वायरींनी थेट बॅटरीला जोडला, तर आवाज एकदम सुटा आणि मोकळा आला. बटण उघडून संपर्क पॉलिश पेपरने घासले, क्लिपा घट्ट केल्या आणि हॉर्नच्या मागचा स्क्रू पाव फेरा फिरवून संपर्कांतील अंतर जुळवले, एवढ्यावर गल्लीबोळांपुरता हॉर्न कामाचा झाला. ज्यांची गाडी शहराबाहेर जात नाही, त्यांनी इथेच थांबावे असे माझे मत आहे. त्यात खर्च जवळपास शून्य आहे.

बायपासचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. मोटरसायकलचा चपटा डिस्क हॉर्न उंच पट्टीत वाजतो, आणि काचा बंद करून वातानुकूलन लावलेल्या मोटारीत उंच स्वर खालच्या स्वरापेक्षा जास्त अडतो. त्यामुळे नुसते डेसिबल वाढवण्यापेक्षा खालच्या पट्टीचा स्वर मिळवणे महत्त्वाचे ठरते. नाना पेठेतील दुकानांत गोगलगायीच्या आकाराच्या, ज्याला स्नेल किंवा विंडटोन म्हणतात, अशा हॉर्नची जोडी सहज मिळते. त्यातला एक उंच पट्टीचा आणि दुसरा खालच्या पट्टीचा असतो. दुकानदार जोडीच घ्या म्हणून मागे लागतो. येथे थोडे गणित केले पाहिजे. सारख्या ताकदीचे दोन हॉर्न एकत्र वाजवले, तरी आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते. याउलट बॅटरीवरचा भार मात्र थेट दुप्पट होतो. स्प्लेंडरची बॅटरी २.५ अँपिअर-अवर इतकी लहान आहे. असा एकेक हॉर्न तीन-साडेतीन अँपिअर ओढतो, म्हणजे जोडी वाजवताना त्या बॅटरीकडून तिच्या आवाक्याबाहेरचे काम मागितले जाते. म्हणून मी फक्त खालच्या पट्टीचा विंडटोन घेतला आणि उंच स्वरासाठी मूळ हॉर्न जागेवर तसाच ठेवला. दोन स्वर मिळाले आणि भारही आटोक्यात राहिला.

जोडणी रिलेशिवाय करू नये. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच; त्याच्या आत तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, असते. बॅटरीच्या धन टोकाजवळ १० अँपिअरचा फ्यूज, तेथून दीड चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणि ८७ क्रमांकावरून नव्या हॉर्नला. नव्या हॉर्नचे अर्थिंग चासीवर न सोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. रिलेच्या कॉइलची ८५ आणि ८६ ही टोके जुन्या हॉर्नच्या दोन वायरींना समांतर जोडली. काही गाड्यांत बटण धन बाजू जोडते आणि काहींत अर्थिंग. पण कॉइल जुन्या हॉर्नच्या दोन्ही टोकांवर बसवल्यास त्याने फरक पडत नाही. या पद्धतीत हँडलच्या बटणावर जास्तीचा भार जवळपास येतच नाही. कॉइलच्या एका वायरीत मी छोटा टॉगल स्विच टाकला आहे : तो बंद असला की फक्त मूळ हॉर्न वाजतो, चालू केला की दोन्ही. या सगळ्या कामातील सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असे विचारले, तर मी या चाळीस-पन्नास रुपयांच्या स्विचचे नाव घेईन. हॉर्न, रिले, वायर आणि मजुरी मिळून खर्च हजार-बाराशेच्या घरात गेला.

हॉर्न बसवण्याच्या जागेवरून वायरमनशी माझा थोडा वाद झाला. तो हेडलाइटखाली बसवत होता, पण तेथे हँडल पूर्ण वळवल्यावर क्लचची केबल घासत होती आणि पुढचा शॉकअप दबल्यावर मडगार्ड हॉर्नच्या अगदी जवळ येत होते. शेवटी लेगगार्डच्या डाव्या वरच्या टोकाला क्लॅम्प लावून हॉर्न बसवला, त्याचे तोंड पुढे पण किंचित खाली झुकलेले ठेवले, जेणेकरून आत गेलेले पाणी बाहेर निथळावे. जुना हॉर्न ज्या लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो, त्या काढून तो सरळ फ्रेमला आवळू नये, हेही सांगून ठेवतो. पट्टी कंप पावू शकली नाही की आवाज दबतो.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. बायपासवर फरक निश्चित जाणवतो. वारज्याजवळ सेवा रस्त्यावरून मुख्य रस्त्यात शिरताना डावीकडे सरकणाऱ्या मोटारी पूर्वी जवळजवळ अंगावर येत. आता एकदा थोडक्यात वाजवला की चालक आरशात पाहतो आणि गाडी सावरतो. ट्रकच्या बाबतीत फार आशा ठेवू नये. डावीकडच्या आंधळ्या टापूत मोटरसायकल असेल, तर चालकाला आवाज ऐकू आला तरी तो कुठून आला हे कळत नाही, आणि तेथे हॉर्नपेक्षा मागे राहणेच इष्ट. लक्ष्मी रस्त्यावर किंवा कर्वे रस्त्यावरील कोंडीत या हॉर्नचा काडीचाही उपयोग नाही. पुढे जागाच नसते, तेव्हा पुढच्याने जायचे कुठे? उलट पायी चालणारी वृद्ध माणसे दचकतात. म्हणून शहरात शिरण्यापूर्वी स्विच बंद करतो.

बॅटरीवरचा परिणाम किंचित आहे, पण आहे. सिग्नलला इंजिन मंद चालत असताना दोन्ही हॉर्न लांब दाबले, तर इंडिकेटरची उघडझाप मंदावते, कारण त्या गतीला चार्जिंग फारसे नसते. चालत्या गाडीत असे होत नाही. गाडी किकची असल्याने बॅटरी थोडी उतरली तरी अडत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट कळली. जोराच्या सरीनंतर विंडटोन घशात पाणी अडकल्यासारखा वाजतो. दोन-तीनदा थोडक्यात वाजवला की पाणी निघून जाते. आषाढात मात्र आवाज कायमचा घोगरा झाला, तेव्हा उघडून पाहिले तर पितळी क्लिपांवर हिरवट थर चढला होता. तो घासून व्हॅसलीन लावल्यापासून त्रास नाही.

कायद्याची बाजू दुकानात कोणी सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११९ व्या नियमानुसार एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे, तसेच अतिकर्कश किंवा धडकी भरवणारे हॉर्न बसवण्यास मनाई आहे. म्हणजे प्रेशर हॉर्न आणि गाणी वाजवणारे हॉर्न बादच. विनाकारण किंवा हॉर्नबंदीचा फलक असलेल्या भागात हॉर्न वाजवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ एफ कलमाखाली पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र असू शकते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागातही, आणीबाणीचा प्रसंग वगळता, हॉर्न वाजवता येत नाही.

ज्यांच्याकडे याहूनही जुन्या गाड्या आहेत, त्यांनी खरेदीपूर्वी व्होल्ट पाहावेत. जुनी येझदी, राजदूत आणि जुन्या बुलेट यांची यंत्रणा ६ व्होल्टची असते. तेथे १२ व्होल्टचा हॉर्न आणि रिले दोन्ही चालणार नाहीत. बॅटरीच नसलेल्या जुन्या स्कूटरी व मोपेड यांचा हॉर्न थेट मॅग्नेटोच्या एसी प्रवाहावर चालतो, त्यामुळे त्यांनाही ही जोडणी लागू पडत नाही.