पंधरा वर्षांची वॅगनआर ठेवली, त्याला आता नऊ महिने झाले

मागच्या वर्षी मे संपायच्या आतच पाऊस आला. त्यानंतर आठवडाभरात आईने गाडीतून उतरताना विचारलं, "अगो, माझ्या पातळाचा काठ ओला कसा झाला?" छत्री मागे डिकीत होती. मी डाव्या सीटखालचा ट्रे ओढून बाहेर काढला आणि कार्पेट दाबलं, तर बोटांमधून पाणी वर आलं.

गाडी २०१० ची, एमएच-०८ म्हणजे रत्नागिरीची, तेव्हा ९८ हजार किलोमीटर झालेली. जुलैत पंधरा वर्षं पूर्ण होऊन आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, संपणार होती. म्हणजे ठेवायची की काढायची हा निर्णय तसाही दाराशी आलेलाच होता, या पाण्याने तो घरात आणला.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. दोन दिवस ठेवून त्यांनी ८३,४०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. हीटर कोर (आतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय, त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, खालचा पत्रा, क्लच सेट, सस्पेन्शनचे पुढचे दोन्ही स्ट्रट आणि लोअर आर्म, टायर. शिवाय सल्ला, "मॅडम, एवढे घालण्यापेक्षा एक्स्चेंज करा, साठ हजार मिळतील." हीटर कोर गळत असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आणि त्यातून फिरणारं पाणी, कमी व्हायला हवं. माझ्या बाटलीतली पातळी महिनाभर जिथल्या तिथे होती. काचेवर चिकट वाफ नव्हती, गोडसर वास नव्हता. हे मी विचारलं, तर बॉनेट उघडून कोणी पाहिलंच नव्हतं. मला याचा फार राग आला आणि अजून आहे. गाडी जुनी दिसली की न तपासता यादी लिहायची, ही पद्धत अनेकांचे पैसे घालवते.

मग नाक्यावरच्या आमच्या जुन्या मेकॅनिकदादांकडे गेले. त्यांनी इंजिन बंद ठेवलं, एसीही बंद, आणि वाइपरच्या बुडाशी काचेवरून सावकाश एक बादली पाणी ओतलं. चौथ्या मिनिटाला डाव्या पायाशी थेंब पडायला लागले. "ताई, कूलंट नाय हे, पावसाचं पाणी."

हे नीट सांगते, कारण कोकणात ज्यांची गाडी झाडाखाली उभी असते त्या प्रत्येकाच्या बाबतीत हे होऊ शकतं. पुढच्या काचेखाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्या खाली पत्र्याची पन्हळ असते. काचेवरचं पाणी त्या पन्हळीतून दोन्ही बाजूंनी खाली निघून जातं. ब्लोअरची हवाही तिथूनच आत येते, आणि आपल्याकडे ब्लोअर डावीकडे असतो. पानं कुजून पाण्याच्या वाटा तुंबल्या की पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं. माझी गाडी पंधरा वर्षं बकुळीखाली उभी होती. वाइपर आणि जाळी काढल्यावर आतून दोन ओंजळी काळा चिखल निघाला. एसीचं ड्रेन पाइप तुंबलं असेल तर एसी चालू असतानाच ओल येते. गाडी पावसात नुसती उभी असताना ओल आली, तर आधी ही पन्हळ बघा. साफसफाईचे सहाशे रुपये झाले.

त्या संध्याकाळी वाटलं, प्रश्न सुटला. दुसऱ्या दिवशी सुकवायला कार्पेट पूर्ण उचललं आणि माझं मत फिरलं. ट्रेच्या खालच्या जागी पत्रा लाल झाला होता, दादांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. मी तिथल्या तिथे म्हटलं, विकून टाकू. इंजिन, क्लच, सस्पेन्शन हे सगळं बदलता येतं, पण सडलेल्या गाडीवर किती घालणार?

दादांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि गाडीचा भार पेलणाऱ्या जागा अर्धा तास हातोडीने ठोकत फिरले. रनिंग बोर्ड म्हणजे दारांखालचा पट्टा, पुढच्या लोअर आर्मचे जोड, मागच्या सस्पेन्शनच्या जागा, सीटचे बोल्ट जिथे बसतात तो भाग, सगळीकडे भरीव आवाज. सडलेला भाग तळहातापेक्षा थोडा मोठा, आणि तो नुसता तळाचा पत्रा. यापैकी एक जागा जरी पोकळ वाजली असती, तर मी गाडी ठेवली नसती आणि दादांनीही ठेवू दिली नसती.

तर खर्च असा. पत्रा कापून नवा वेल्ड करून खालून कोटिंग ९,५००. क्लच ७,८००, आंबा घाट चढताना तो जळल्याचा वास यायला लागला होता म्हणून. लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड ४,२००. स्ट्रट चांगले होते, त्यांना हात लावला नाही. चार टायर १६,०००. पेट्रोलचे रबरी पाइप १,१००. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इतक्या जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, म्हणून आधीच बदलून घेतले. वरचे सहाशे धरून ३९,२००.

आरसीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, २०२२ च्या आधी ती ६०० होती. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, आणि नवी नंबरप्लेट ७४५ अधिक जीएसटी. फॉर्म २५ भरून मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड. गाडी पासिंगला न्यावी लागते. पुढची पाच वर्षं मिळाली. थर्ड पार्टी विमा २,०९४ अधिक जीएसटी, इंजिन हजार सीसीच्या आतलं असल्याचा हा फायदा.

नंतरच्या चार महिन्यांच्या पावसात कार्पेट कोरडं राहिलं. मी रोज सकाळी ट्रे काढून हात लावून बघायची. घरचे म्हणायचे पुरे आता, पण माझ्याने राहवत नसे.

सप्टेंबरमध्ये मात्र मन डळमळलं. २२ तारखेपासून छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला आणि किमती एकदम उतरल्या. तीन महिने थांबले असते तर, असं वाटून दोन रात्री झोप नीट लागली नाही. आईला घेऊन गाड्या बघायला गेले. ती ८१ वर्षांची, गुडघे वाकत नाहीत. बाकीच्या हॅचबॅकमध्ये तिला धरून खाली बसवावं लागलं. नव्या वॅगनआरमध्ये मात्र ती आपल्या गाडीसारखीच सरळ सरकून बसली. म्हणजे पर्याय नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. मग हिशेब केला. पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं, महिन्याला साधारण १०,३८०. माझा सगळा दुरुस्तीखर्च चार हप्त्यांपेक्षा कमी. वर्षाला साडेपाच हजार किलोमीटर फिरणाऱ्या माझ्यासारखीला ते हप्ते पटले नाहीत.

हिशेबाने न सुटणारी गोष्ट एकच, एअरबॅग. माझ्या गाडीत एकही नाही. मुलगी म्हणाली, "आई, पैशाचं तू बघ, पण बाळाला घेऊन हायवेला या गाडीतून मी येणार नाही." ती बरोबर बोलली आणि मी वाद घातला नाही. तेव्हापासून गाडी रत्नागिरीत आणि आसपास फिरते, लांब जायचं तर रेल्वे. दुरुस्तीने नवेपण येतं, पण मुळात नसलेली सुरक्षितता येत नाही. तुमचं रोजचं जाणं मुंबई-गोवा हायवेवरून असेल, तर माझा निर्णय उचलू नका.

या नऊ महिन्यांत आणखी खर्च म्हणजे बॅटरी ४,३०० आणि डाव्या काचेची मोटर. मायलेज साडेसोळावरून पावणेसोळावर आलंय. क्लच इतका हलका झालाय की आंबा घाट आता चढून बघावासा वाटतो.

एप्रिलअखेर, पावसाच्या आधी, कार्पेट पुन्हा पूर्ण उचलणार आहे. वेल्ड केलेला जोड जसाच्या तसा असेल तर पुढचं वर्ष काढीन. गंज रनिंग बोर्डाकडे सरकलेला दिसला, तर त्याच आठवड्यात विकीन, हे मी आईलाही सांगून ठेवलंय. गाडी आता बकुळीखाली उभी करत नाही, गेटजवळ उन्हात असते.